बसून केलेलं काम

तिला टाचणी हे नाव कुणी ठेवलं ते तिलाही आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं डोळे उघडे ठेवून ठेवलं. एक तर ती बारीक आणि ताठ. दुसरं, शिवताना तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या, त्यामुळे बोलणं अर्ध्या तोंडानं. आणि टाचण्या काढून पूर्ण तोंडानं बोलली की समोरच्याला वाटे, होत्या तेच बरं होतं.

तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली तिचं दुकान, मागच्या दोन खोल्या घर, मधे एक पडदा. एकदा एक गृहस्थ पँट सैल करायला आले आणि म्हणाले, "धुण्यात आटली हो." टाचणीनं पँट उलटसुलट करून बघितली. "कमाल आहे," ती म्हणाली, "फक्त कमरेतच आटली. लांबीला साबण पोचला नाही वाटतं." गृहस्थ पुढच्या वेळीही तिच्याकडेच आले. तिच्यासारखी शिलाई चार गल्ल्यांत कुणाची नव्हती, आणि अपमानाचे वेगळे पैसे ती घेत नसे.

अडतीस वर्षं तिनं पायमशीन चालवलं. खाली लोखंडी पायपट्टी, बाजूला चाक, चाकावरून वर गेलेला चामड्याचा पट्टा. दिवसाचे आठ तास दोन्ही पाय टाच-चवडा, टाच-चवडा. पडदे, कोट, शाळेचे गणवेश, लग्नाचे झगे, लग्न मोडल्यावर तेच झगे कापून केलेल्या उशा. संध्याकाळी मशीन थांबलं की पडद्यामागून नवऱ्याचा आवाज येई, "थांबलीस का गं? मग बसल्या बसल्या जरा चहा टाक."

बसल्या बसल्या चहा कसा टाकतात हे तिला अडतीस वर्षांत कळलं नव्हतं. पण बसून काम करणाऱ्या बाईला सगळं बसल्या बसल्या होतं, असा त्या घराचा ठाम समज होता.

नवरा एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होता. चौतीस वर्षं त्यानं हजारो माणसं वर नेली, खाली आणली, आणि स्वतः स्टुलावरून उठला नाही. निवृत्त झाला तेव्हा कचेरीनं त्याला आरामखुर्ची भेट दिली. देणाऱ्यांना माणसाची पारख होती. माणूस तसा गरीब स्वभावाचा. भांडण नाही, व्यसन नाही, हालचालही नाही.

टाचणीला साठ पूर्ण झाली तेव्हा मुलीनं मोठा खोका आणला. मुलगी विम्याच्या कचेरीत होती आणि आईनं शिवलेल्या गणवेशांवरच शिकून मोठी झाली होती. खोक्यातून विजेवरचं शिलाई मशीन निघालं. पांढरं, गुळगुळीत, आणि पायाखाली ठेवायला उंदराएवढं एक बटण. त्यावर अंगठा टेकवला की सुई धावायला लागे.

"आता पायांना आराम, आई," मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

टाचणीचेही आले. पायांना आराम द्यावा हे आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. जुनं मशीन मागच्या गॅलरीत गेलं. त्याच्यावर चादर पडली, चादरीवर रिकामे डबे आले, आणि डब्यांवर धूळ.

चार महिन्यांत तिचे पाय सुजायला लागले. सकाळी बरे असत. दुपारी मोज्यांचे वळ उठत. संध्याकाळी चपलेत पाऊल जाईना. घोटे कुठे गेले तेच कळेना. पिंढरीच्या खाली थेट पाऊल. नवऱ्यानं एकदा खाली वाकून नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"मऊ कणकेसारखं झालंय," तो म्हणाला.

"चला, या निमित्तानं तुम्ही माझ्या पायाला हात तरी लावलात," टाचणी म्हणाली.

नणंद भेटायला आली. नणंदेला स्वतःची दुखणी नव्हती, म्हणून ती दुसऱ्यांची हौसेनं बघायची. तिनं दोन्ही पाय निरखले, सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण कुठलं तरी मागचं पाप असतं ते पायात उतरतं."

"तसं असतं वन्सं, तर तुम्हाला दारातून आत आणायला चार माणसं लागली असती," टाचणी म्हणाली. नणंद चहा न घेता गेली, आणि तेवढाच त्या आठवड्यातला आनंद.

डॉक्टरांनी मात्र नीट तपासलं. रक्त झालं, लघवी झाली, हृदयाचा आलेख झाला, मूत्रपिंडं झाली. सगळं ठीक निघालं. सगळं ठीक निघाल्यावर डॉक्टर जे म्हणतात तेच ते म्हणाले, "वय झालंय." त्यांनी लघवीच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं. टाचणी कॉलर लावायला बसे आणि उठून पळे, परत येऊन बसे, पुन्हा पळे. त्या पंधरवड्यात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. तिनं तो शर्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शर्ट पाहिला, गोळ्या बंद केल्या, आणि सांगितलं, "पाय वर करून बसत जा."

हा सल्ला नवऱ्याला फार आवडला. त्यानं आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडली. आठवडाभर दोघं पाय वर करून शेजारी शेजारी बसली, बोटीच्या डेकवर बसल्यासारखी. पाय वर असेपर्यंत सूज उतरे. कामाला बसलं की दुपारपर्यंत परत हजर. आणि पाय वर करून पँट कुणी शिवत नाही.

तेवढ्यात भाची आली. टाचणीच्या थोरल्या बहिणीची मुलगी, विद्यापीठाच्या व्यायामशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पँटची लांबी कमी करायला आली होती; मावशीचे पाय बघून पँट विसरली.

"मावशी, हे कधीपासून?"

"मशीन बदललं त्यानंतर."

"म्हणजे पायानं चालवायचं बंद केल्यापासून?"

टाचणीनं आपल्या पायांकडे बघितलं. हे दोन प्रसंग एकामागोमाग घडले हे तिला ठाऊक होतं, पण ते एकमेकांशी बोलत असतील असं तिला वाटलं नव्हतं.

भाचीनं सांगितलं, "आमच्याकडे याच विषयावर प्रयोग चालू आहे. पंचावन्नच्या वरच्या बायका-पुरुष हवेत. खुर्चीत बसायचं, एक पाऊल पट्टीवर बांधायचं आणि दोन तास खाली-वर दाबत राहायचं."

"आणि जायचं कुठे?"

"कुठेच नाही."

"अगं, मग मी अडतीस वर्षं दुसरं काय केलं?"

प्रयोगशाळा पूर्वी सामानाची खोली असावी. खिडकी उंचावर, भिंतीला लांबच लांब पाइप, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांची चळत. मधोमध एक भक्कम खुर्ची, तिच्यासमोर स्प्रिंग लावलेली पाऊलपट्टी, आणि पिंढरीच्या उंचीवर टेकवलेला एक जाड, गोल कॅमेरा. टाचणीनं पट्टीला चवड्यानं दाबून पाहिलं. मग चाक आणि सुई कुठे आहे ते वाकून शोधलं. नव्हती.

प्रयोगाच्या प्रमुख एक उंच बाई होत्या. चष्मा डोक्यावर सरकवायचा आणि तोच टेबलावर शोधायचा, अशा. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा एका बाजूनं उसवून लोंबत होता, आणि टाचणीची नजर पहिल्या क्षणापासून तिथंच अडकली होती.

बाई समजावून सांगू लागल्या. "रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं, स्नायूंमध्ये. बरोबर थोडी प्रथिनंही येतात. ती मोठी असतात, त्यांना रक्तात सरळ परत शिरता येत नाही. त्यांना परत नेणारी वेगळी बारीक नळ्यांची व्यवस्था आहे. तिच्यातून जे वाहतं ती लसीका. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसीकेला पायातून वर चढवणारं तसं हृदय नाही. त्या नळ्या स्वतः थोड्या आकसतात, पण खरा जोर येतो तो शेजारचा स्नायू हलला की. स्नायू आवळला की नळी दाबली जाते, सैल पडला की पुन्हा भरते. आत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून पाणी मागे येत नाही."

"म्हणजे नळ आणि मोरी," टाचणी म्हणाली.

"काय?"

"नळाला टाकीचा जोर असतो. मोरीला कोण आहे? खराट्यानं लोटलं तरच पाणी जातं. आणि घरात नळाचं कौतुक सगळ्यांना. मोरीची आठवण तुंबल्यावर."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "मी हे बारा वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला मोरी सुचली नाही."

"तुमच्याकडे मोरी दुसरं कुणी धूत असेल."

भाचीला खोकला आला. पण बाई हसल्या. दोन्ही पिंढऱ्यांच्या स्नायूत एकेक थेंब टोचायचा होता. त्यात किंचित किरणं सोडणारं प्रथिन. मग कॅमेरा मोजत राहणार, किती थेंब जागेवर उरला. जो उरला नाही तो लसीकेबरोबर गेला. एक पाय काम करणार आणि दुसरा बसून राहणार, म्हणजे फरक कळेल.

"एक पाय मजूर, एक पाय मालक," टाचणी म्हणाली. "कळलं. टोचा."

त्याआधी एक अर्ज भरायचा होता. भाचीनं भरत आणला. वय, वजन, आजार. व्यवसाय: शिवणकाम. त्याच्यापुढे दोन चौकटी होत्या, कष्टाचा आणि बैठा. भाचीनं सरळ बैठ्यावर खूण केली. टाचणीनं ती पाहिली. काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही ही गोष्ट भाचीच्या लक्षात यायला हवी होती.

बाईंना दोन गटांची तुलना करायची होती. एक, वर्षानुवर्षं पळणारे, सायकल चालवणारे. दुसरा, बैठे. त्यांचा अंदाज असा की हालचाल सुरू झाली की लसीका दोघांचीही वाढेल, पण बैठ्यांची लवकर थकेल. टाचणीच्या आधी बसलेल्या बाई पंचेचाळीस मिनिटांत उठल्या होत्या.

"का? दुखलं?"

"कंटाळल्या," भाची म्हणाली.

यंत्र टिकटिक करू लागलं. प्रत्येक टिकेला एक दाब. टाचणीचा पाय पट्टीवर गेला आणि सात महिन्यांनी घरी आल्यासारखा रुळला. "फार सावकाश आहे हो," ती म्हणाली. "या वेगानं एका शर्टाला आठवडा लागेल."

"वेग बदलता येत नाही," बाई म्हणाल्या.

"मग मला हाताला काहीतरी द्या. हात रिकामे असले की पाय मोजत बसतात."

पंचेचाळीस मिनिटं झाली. तास झाला. पिंढरी गरम झाली, मग दुखली, मग तिनं दुखायचं सोडून दिलं. टाचणीला ही वळणं तोंडपाठ होती. जुन्या मशीनवर सकाळचे पहिले दोन पडदे जड जात, तिसऱ्यापासून पाय आपले आपण चालत. तासाच्या पुढे ती म्हणाली, "बाई, तो कोट काढा."

"कशाला?"

"तुमचा खिसा बघून मला चक्कर येतेय. पायामुळे नाही."

बाईंनी कोट काढून दिला. टाचणीच्या पिशवीत सुई-दोरा असायचाच. खाली टिकटिकेवर पाय, वर मांडीवर कोट. खिसा झाला, मग दोन बटणं झाली, मग तिनं भाचीच्या बाहीची उसवण ओढून घेतली. दोन तास भरल्यावर बाई म्हणाल्या, "थांबा आता."

"झालं? मला वाटलं मधली सुट्टी."

घरी जाताना एका पायातली चप्पल ढिली होती आणि एका पायातली घट्ट. मजुराचा घोटा दिसत होता. मालकाचा नव्हता.

आठवड्यानं बाईंनी तिला बोलावलं. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा होत्या, पिंढरीत किती थेंब उरला ते दाखवणाऱ्या. एक सपाट, किंचित उतरती, मालकाची. दुसरी सुरुवातीला जिन्यावरून पडल्यासारखी झपकन खाली आलेली आणि मग संथ, पण न थांबता उतरत गेलेली.

"पहिल्या पंधरा मिनिटांत तुमची लसीका चौपट झाली," बाई म्हणाल्या. "मग ती दुप्पट-अडीचपटीवर आली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. पळणाऱ्यांची अशीच येते. बैठ्यांपैकी कुणाचीच अशी आलेली नाही. तुम्ही माझा गट बिघडवलात."

"मग आता?"

"मला तुमचे आकडे गाळावे लागतील बहुतेक. ते बसत नाहीत."

टाचणीनं पिशवी खाली ठेवली.

"बाई, मी शिंपीण आहे. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, त्याचा एक खांदा वर आणि एक खाली. तयार कोट त्याला बसत नाही. म्हणून मी काय करते, त्याला खिडकीतून फेकून देते? का कोट उसवते?"

बाईंनी पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली.

"बैठी म्हणून कुणी लिहिलं मला? अर्जात दोन चौकटी. पळायला जाणारा माणूस तासभर पळतो आणि दिवसभर कचेरीत बसतो, तो कष्टाळू. मी आठ तास पाय हलवले अडतीस वर्षं, मी बैठी. बूड बसलेलं होतं बाई. मी नव्हते."

हे बोलताना तिचा आवाज चढला आणि मग मधेच फाटला, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. ती खिशावरून भांडायला तयार होती, बटणावरून भांडायला तयार होती. चौकटीवरून रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि भिंतीवरचे पाइप बघत बसली.

बाईंनी अर्ज काढला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "चूक अर्जाची आहे. म्हणजे माझी. धंदा विचारायचा नव्हता, पाय किती हलतात ते विचारायला हवं होतं. सगळ्यांना परत विचारावं लागेल." त्यांनी कपाळ चोळलं. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे आधीच सांगते. पण एका माणसावरून प्रश्न चुकलाय हे कळू शकतं."

"आणि माझे पाय? जुनं मशीन काढू का?"

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण मी तुमच्या जागी असते तर पट्ट्याला तेल देऊन ठेवलं असतं."

टाचणी उठली. दाराशी थांबली. "तुमचा बैठ्यांच्या गटातला एक माणूस कमी झाला ना माझ्यामुळे?"

"हो. आता नवीन शोधायला हवा."

"आमच्या घरी एक आहे," टाचणी म्हणाली. "अस्सल. भेसळ नाही."

नवऱ्याला पटवायला मिनिटभरही लागलं नाही. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की तिथं खुर्ची आहे, बसायचं असतं, आणि मोठ्या बाई तुमचा अभ्यास करणार आहेत. आपला अभ्यास व्हावा अशी त्याची फार दिवसांची इच्छा असावी. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला.

अर्ज नवा होता. दिवसातून किती वेळ उभे असता, किती चालता, पाय किती हलवता, असे अकरा प्रश्न. नवऱ्यानं अकरा ठिकाणी शून्य लिहिलं आणि बाईंना विचारलं, "पैकीच्या पैकी का?"

टिकटिक सुरू झाली. पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, "सोपं आहे." आठव्या मिनिटाला त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं. बाराव्या मिनिटाला विचारलं, "तास झाला का?" पंधराव्या मिनिटाला त्याचा चेहरा लाल झाला आणि तो टाचणीकडे बघू लागला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकल्यावर आतली माणसं त्याच्याकडे बघत असतील, तसा. अठराव्या मिनिटाला त्यानं पाय उचलला.

"किती वेळ केलं होतं हिनं?" त्यानं विचारलं.

"दोन तास," भाची म्हणाली. "आणि माझी बाही शिवली."

त्यानं शर्टाचं बटण परत लावलं. बाई मात्र पडद्यासमोर खूश होत्या. रेघ सुरुवातीला खाली घसरली होती. "बघा, यांचीसुद्धा तिपटीनं वाढली, पहिल्या दहा मिनिटांत!" त्या म्हणाल्या. "शरीर तयारच असतं. फक्त कुणीतरी हलवावं लागतं."

"हेच मी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात सांगितलं होतं," टाचणी म्हणाली.

परत येताना बसस्टॉपपासून घरापर्यंत पाच मिनिटांचं अंतर. नवरा लंगडत होता. अर्ध्या वाटेत एका दुकानाच्या कट्ट्यावर टेकला. टाचणी उभी राहिली.

"रोज एवढं?" त्यानं विचारलं.

"एवढं नाही. तिथं एकच पाय होता."

तो पिंढरी चोळत राहिला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचं चाक करकरत होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत तो त्या चाकाकडे बघत होता.

"मला वाटायचं तू बसलेली असतेस."

"बसलेलीच असायचे."

"हो, पण तसं नाही."

"मग कसं?"

त्यानं हात पुढे करून तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि उठला. पिशवीत सुई, दोरा, कात्री आणि पाण्याची बाटली, एवढंच होतं. पण ती त्यानं घरापर्यंत नेली, लंगडत, आणि टाचणीनं तोंडातून एक शब्द काढला नाही. तिच्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

डॉक्टर म्हणाले, "करून बघा, त्याला गोळी तर लागत नाही." जुन्या मशीनवरचे डबे उतरले. चामड्याचा पट्टा वाळून चिरला होता, नवा आणला. तेल घातलं. पहिले चार दिवस मशीनही कण्हलं आणि टाचणीही. तीन आठवड्यांनी संध्याकाळी चपलेत पाऊल जायला लागलं. डावा घोटा अजून उकाड्याच्या दिवसात फुगतो. डॉक्टर म्हणतात शिरा जुन्या झाल्यात. टाचणी म्हणते, बाकीचं सगळं काय काल आणलंय?

मुलीचा प्रश्न राहिला होता. ती रविवारी आली, जुनं मशीन खोलीत आणि पांढरं मशीन कोपऱ्यात बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्या भेटीनं तुझे पाय सुजवले."

"भेटीनं नाही गं. मी बटणावर अंगठा ठेवून राणीसारखी बसले, त्यानं."

"मला वाटलं तुला आराम होईल."

"झाला ना. आरामच तर सुजला."

मुलगी हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. टाचणी जरा वेळानं म्हणाली, "तुझे पाय बघू." मुलीनं मोजे खाली सरकवले. वळ खोल होते. आठ तास कचेरीच्या खुर्चीत.

"केव्हापासून?"

"असू दे गं, सगळ्यांचेच असतात ऑफिसात."

"काळा दोरा संपलाय," टाचणी म्हणाली. "चौकापलीकडच्या दुकानातला आण. चालत जा. आणि तो बरा नसेल तर परत करायला जावं लागेल."

दोरा चांगला होता. तरी तो बदलायला मुलगी त्या दिवशी दोनदा गेली. पांढरं मशीन टाचणीनं दिलं नाही. जाड कोटांना ते फार छान चालतं, आणि मुलीनं डोळ्यांत पाणी आणून दिलेली वस्तू ती परत करणारी नव्हती. अर्धा दिवस ते, अर्धा दिवस हे.

वर्षानं बाई छापील कागद घेऊन दुकानात आल्या, त्याच कोटात. खिसा शाबूत होता. कागदावर एक आकृती होती, तिच्यात चाळीस ठिपके. नावं नाहीत, नुसते ठिपके. बाईंनी तिला तिचा ठिपका दाखवला, पळणाऱ्यांच्या घोळक्यात. आता गट तीन होते. तिसऱ्याचं नाव होतं, कामामुळे पाय हलणारे. त्यात टाचणी, एक पत्रं वाटणारी, एक कुंभार आणि आणखी सहा जण होते.

पडदा बाजूला झाला आणि नवरा बाहेर आला. "माझा कुठला?"

बाईंनी जरा अवघडून खाली, कोपऱ्यातल्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यानं वाकून बघितलं. "सगळ्यात खाली. आणि आजूबाजूला कुणीच नाही," तो समाधानानं म्हणाला. "म्हणजे लगेच नजरेत भरतो."

बाई म्हणाल्या, त्यांना याच लोकांना परत बोलवायचंय, पण आधी बैठ्यांनी तीन महिने रोज अर्धा तास चालायचं. मग बघायचं, ठिपका सरकतो का. त्यानं सही केली. टाचणीला वाटलं, सही करणं हीच त्याची त्या विषयातली शेवटची हालचाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकान उघडत होती. तो दारात उभा होता. पायात बूट, नाड्या बांधलेल्या, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यानं रस्त्याच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या.

"लोक साधारण कुठल्या बाजूला चालतात?" त्यानं विचारलं.

"घरापासून लांब," टाचणी म्हणाली. "आणि मग परत."